लेबलच्या वर एक वीट नाही

सोमवार, सकाळ

आज कंटेनर आला. भाड्याचा, लोखंडी, न्हाणीघरापेक्षा मोठा. दारात टेकवला तेव्हा असा दणका बसला की शेजारची वकीलीणबाई गाउनवरच बाहेर आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! स्वयंपाकघरामागची भिंत पाडलीय, तिथे माझी खोली होणार. माझ्या गुडघ्यांना जिना नको म्हणून खालीच. दाराला आतून कडी! सध्या मी हॉलमध्ये झोपते आणि चिरंजीव टीव्ही बघता बघता रिमोट माझ्या पायांवर ठेवतात.

फक्त शनिवारच्या आत सगळा राडारोडा हलला पाहिजे. शनिवारी फरशीवाला येणार. खोली रिकामी नसली तर तो बाहेरगावच्या कामावर जाईल, मग चार महिने तोंड दाखवायचा नाही. चिरंजीव आणि सूनबाई ऑफिसात, म्हणजे भिस्त माझ्यावर. चिरंजीव म्हणाले, आई, तू नुसतं लक्ष ठेव, मधे मधे बोलू नकोस. मी कधी बोलते मधे?

सोमवार, दुपार

ड्रायव्हरने नियम सांगितले. ट्रकचं इंजिन धडधडत होतं, तरी मला सगळं स्पष्ट ऐकू आलं. जड माल तळाशी, हलका वर. एकाच बाजूला ढीग नको. रंगाचे डबे, बॅटऱ्या टाकायच्या नाहीत. आणि लेबलच्या वर एक वीटसुद्धा जाता कामा नये, रस्त्यात कुणाच्या डोक्यात पडेल. म्हटलं, मी उभी आहे ना.

लेबल सापडलं. कंटेनरच्या पोटावर, माझ्या कमरेइतक्या उंचीला चिकटवलंय, वर फोन नंबर. माझी शाळा दुसरीतच सुटली, इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण आकडे वाचते. आतून लेबल दिसत नाही, म्हणून तेवढ्याच उंचीवर आतून खडूने रेघ मारून घेतली. हे कुणाला सुचलं नसतं.

मंगळवार

मजूर दोन. एक बडबड्या, दुसरा मुका नाही पण बोलत नाही. दोघांना सूनबाईचे ओव्हनचे हातमोजे दिले, फुलाफुलांचे. मी तिचं स्कूटरचं हेल्मेट घातलं. सेफ्टी म्हणजे सेफ्टी. कंटेनरचं मागचं दार उघडून विटा आत नेऊन ठेवायला लावल्या, फेकायचं काम नाही. बडबड्या म्हणाला, आजी, विटा आहेत, नातवंडं नाहीत. मी हसले. पोरांना माझा लळा लागलाय.

हेल्मेटचा पट्टा निघेना. काचेखालून घास घेतले. संध्याकाळी सूनबाईने सोडवला. हातमोज्यांकडे बघितलं आणि फोनवर नवे मागवले. समजूतदार आहे.

बुधवार

वकीलीणबाई आली. म्हणे, एवढा मोठा कंटेनर आहे तर आमची एक गादी टाकू का? नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. गादीमागून मोडकी खुर्ची आली, अर्धा सोफा आला, मग तिच्या यजमानांचं व्यायामाचं यंत्र. यंत्र नवंकोरं. यजमानांकडे बघून ते कळतंच म्हणा.

गादी जड की हलकी? मी बसून बघितली. उठता येईना, म्हणून जड ठरवली. मग विटा उपसून गादी तळाशी घालायला लावली. तेव्हापासून बडबड्याही बोलत नाही. कामाला शिस्त आलीय.

गुरुवार

माल रेघेला टेकला! काम तिथेच थांबवलं. बडबड्याने तोंड उघडलं, आजी, अर्धा रिकामा आहे की हो! म्हटलं, असू दे, नियम तो नियम. तरी चिरंजीवांना फोन लावला. मीटिंगमध्ये होते. कुजबुजले, लेवलच्या वर नको, बाकी तुला कळेल ते कर. हल्ली त्यांचे उच्चार बोबडे येतात, लेबलला लेवल म्हणतात. लहानपणी किती स्वच्छ बोलायचे! ऑफिसचा ताण, दुसरं काय.

उरलेल्या विटा अंगणात वाईट दिसत होत्या. सगळ्या माझ्या खोलीत लावून घेतल्या, छातीइतक्या, ओळीने. दुसऱ्या फेरीत जातील. फेरी असणारच.

शुक्रवार

ड्रायव्हर आला, वर चढून आत डोकावला. विचारलं, आजी, काम बंद पडलं का? मी लेबल दाखवलं, रेघ दाखवली. तो पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. म्हणाला, इतका सेफ कंटेनर आजवर कुणी भरला नाही. मी त्याला दोनदा चहा दिला.

मग त्याने बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं. लेबल नाही आजी, ले-व-ल. काठाची लेव्हल. म्हणजे चिरंजीवांचे उच्चार ठीक आहेत. केवढी काळजी मिटली!

दुसरी फेरी नसते म्हणे. नवा कंटेनर पुढच्या महिन्याशिवाय नाही, आणि मजूर कालच पैसे घेऊन गेलेले, म्हणून हा अर्धाच भरलेला नेला. वकीलीणबाईची गादी मात्र अगदी जपून घेऊन गेला.

शनिवार

फरशीवाला आला. खोलीच्या दारातच उभा राहिला. मग म्हणाला, आजी, भिंत पाडायची होती ना? तुम्ही तर नवी बांधलीत. सपाटी मोजायची आपली पट्टी विटांवर आडवी धरून त्याने तिच्यातला बुडबुडा बघितला. म्हणाला, लेव्हल मात्र झकास आहे. आणि गेला बाहेरगावी.

ते मी चिरंजीवांना सांगितलं. लेव्हल झकास आहे म्हणून. त्यांनी टीव्ही लावला आणि रिमोट माझ्या पायांवर ठेवला.