उजाडण्याआधीची गाडी

कुंभकोणम
८ जानेवारी २०२५

चि. कीर्ति,

तुला अम्माचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मार्गळी महिन्याची थंडी यंदा बरी पडली आहे, म्हणजे तुझ्या लीड्सचे लोक ऐकून हसतील एवढीच. भजनवाले पहाटे गल्लीतून जातात, त्यांचा पेटीवाला अजून बेसूरच आहे. समोरच्या सरोजाच्या मुलीचं लग्न ठरलं. तू येणार नाहीस हे ठाऊक असून ती तुझ्या नावाची वेगळी पत्रिका ठेवून गेली.

तुझा शब्द पोचला. उख्तचारे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि हा कधी भेटला नाही, याचा मला जरा रागच आला. तू लिहितेस, 'उख्त' म्हणजे उजाडण्याआधीचा रात्रीचा शेवटचा तुकडा आणि 'चारे' म्हणजे काळजी, आजचा 'केअर' त्याच्याच कुळातला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी लिखाणात तो एकदाच सापडतो, तोही नवरा समुद्रापार गेलेल्या एका बाईच्या तोंडी. बाकीचे सगळे काय घोरत होते? जाग्या पुष्कळ असतील, कुणी लिहून ठेवलं नसेल.

आपल्या घरच्या तंजावरी मराठीत याला शब्द आहे का, असं तू तुझ्या व्याख्यानासाठी विचारलंस. मी पुष्कळ डोकं खाजवलं. पंकजामावशीला विचारलं, तर तिने तमिळच शब्द सांगितला. शेवटी अप्पांना विचारलं.

हे फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. दिवाळीपासून तू फोन केलास की मी म्हणते, अप्पा झोपलेत, अप्पा देवळात गेलेत. कीर्ति, ते माझ्या समोरच बसलेले असतात.

दिवाळीत त्यांच्या मेंदूला झटका आला. हातपाय शाबूत आहेत. पण तमिळ गेली. बँकेत, बाजारात, आयुष्यभर बोलले ती भाषा गेली, इंग्रजी गेली. उरली ती घरातली मराठी. इस्पितळात नर्स म्हणाली, हे ऐया रात्रभर काहीबाही बडबडतात. डॉक्टरांनाही ते खरं वाटलं, त्यांनी झोपेचं औषध सुरू केलं. मी जाऊन ऐकलं, तर ते अगदी नीट विचारत होते, "कीर्तीची गाडी आली काय?" अहो, ही आमची घरची भाषा आहे, असं मी सांगितलं तेव्हा ते डॉक्टर बिचारे ओशाळले.

'मेलेले शब्द शिकायला समुद्र ओलांडतेस, तर परत येऊ नकोस', हे त्यांचं बोलणं तू विसरली नाहीस. ते मात्र साफ विसरले. त्यांच्या लेखी तू अजून चेन्नईच्या कॉलेजात आहेस आणि सुट्टीला रात्रीच्या गाडीने येते आहेस. म्हणून रोज भजनवाल्यांच्याही आधी उठतात, धुतलेली वेष्टी नेसतात, केस विंचरतात आणि ओट्यावर जाऊन बसतात. "पोर स्टेशनवर एकटी उभी राहील," म्हणतात. मी कॉफी करून शेजारी बसते. उजाडलं की विसरतात.

तुला कळवलं नाही, कारण मला वाटायचं की तू आपणहून यावीस, दया येऊन नको. आता तो हट्ट मला परवडत नाही.

तर परवा ओट्यावर बसून मी त्यांना विचारलं, या वेळेला मनात जे असतं त्याला आपण काय म्हणायचं हो? मी वर्गातली मठ्ठ मुलगी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कीर्ति यायची आहे."

तुझ्या व्याख्यानात हे घाल, नाहीतर घालू नकोस.

मला तू इथे हवी आहेस. काल त्यांना माझं नाव आठवलं नाही. तुझं अजून आठवतं. विमान कुठलंही घे, पण चेन्नईहून दिवसाची गाडी घेऊ नकोस, मोटार तर नकोच. उजाडण्याआधी इथे पोचणारी ती रात्रीचीच गाडी घे आणि तारीख कळव. त्या दिवशी मी त्यांना ओट्यावर थांबवणार नाही, स्टेशनवर घेऊन येईन.

तुझ्या अप्पांशेजारी जागी बसलेली,
अम्मा