दोनशे अकरा धुतली, एक राहिलं

मी, कोचिश पिरोश्का, वय अडुसष्ट, राहणार बुडापेस्ट, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. शाळा चार इयत्ता. हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने लिहिलेलं नाही. धाकाने जे केलं ते खाली येईलच.

१. खोली आणि स्वयंपाकघर मुलगी एतेल्का हिला. शेजारीण रोझालीला लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा द्यायची नाही. का, ते तिला ठाऊक आहे.

२. माझं घमेलं आणि स्पंज फेकून द्यावेत. नवरा गेल्यावर मी कार्टूनच्या स्टुडिओत धुणारीण होते. पारदर्शक तावांवर चित्रं रंगवायची, त्यांचं शूटिंग झालं की रंग धुऊन तेच ताव पुन्हा वापरायचे. किती ससे आणि राजपुत्र मी मोरीत सोडले, देव जाणे.

३. नवरा व्हेंडेल, ट्रामचालक. छप्पन्न साली उठाव मोडायला रशियन रणगाडे शहरात शिरले, त्या आठवड्यात पावाच्या रांगेत गोळी लागून गेला. त्याचे फोटो मीच चुलीत घातले. मेलेल्यांना बंडखोर ठरवलं होतं; फोटोत त्याच्या शेजारी जे उभे, त्यांना पकडून नेत होते.

सात वर्षांनी स्टुडिओतल्या ओडोनने त्या रांगेची सहा मिनिटांची फिल्म केली. व्हेंडेलचा दोस्त तो. मला म्हणाला, "शब्दच नाही, पिरोश्काबाई, तर सेन्सॉरवाले कापतील काय?" मोठा शहाणा! वरच्यांनी बघितली, फिल्म उचलून नेली. ओडोन सरहद्दीपार पळाला. रांगेत कोण उभं आहे ते मला न सांगता पळाला, हे मी त्याला माफ केलेलं नाही.

त्या फिल्मच्या दोनशे बारा तावांचा गठ्ठा धुवायला माझ्याकडे आला. रंग मागून भरतात, म्हणून मी मागूनच धुवायची. मागून माणूस म्हणजे नुसता डाग. शेवटचा ताव उलटला, तर ट्रामवाल्याची टोपी आणि तो उतरता डावा खांदा. व्हेंडेल, पाठमोरा.

रंगवणारी युदित म्हणाली, "बाकी सगळ्यांत तोंड होतं गं त्याचं. हुबेहूब."

"मग आधी का नाही बोललीस, मेले?"

"वाटलं, तुला ठाऊक आहे. तू ज्या झपाट्याने धूत होतीस, बघून भीतीच वाटली तुझी."

४. उरलेला ताव नात इल्का हिला. ती तीच फिल्म पुन्हा काढते आहे.

इल्का, तू विचारलंस, "आजी, आजोबा समोरून कसे दिसायचे?" मी सांगितलं, रुंद कपाळ, जाड भुवया, हनुवटीला खळी. तू काढलंस. तुझी आई रडली, "हेच माझे बाबा!" म्हणाली. ते गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती.

पोरी, तो चेहरा तळमजल्यावरच्या गेझा खाटकाचा आहे. व्हेंडेलचा मला आठवत नाही. किती वर्षं आठवत नाही, तेही आठवत नाही. सांगायची लाज वाटली.

म्हणून अट अशी. खाटकाला रांगेतून काढ. व्हेंडेलला पाठमोराच ठेव, कुठेही वळवू नकोस. आईला कारण तूच सांग, माझ्याने झालं नाही.

अट जमणार नसेल तर हाही ताव धुऊन टाक. पाणी कोमट घे. आणि मागून धू, म्हणजे कोण आहे ते दिसत नाही.

सही: कोचिश पिरोश्का
साक्षीदार: बोदनार युदित, निवृत्त रंगवणारी
साक्षीदार: फारकाश गेझा, खाटीक (यांना मजकूर वाचू दिलेला नाही)
बुडापेस्ट, ४ नोव्हेंबर १९९१