बोर्डावरची बायको

३ जुलै, सोमवार. दुकान उघडायच्या आधी.
आजपासून रोज लिहिणार. तिम्बिकीच्या नदीवरून होडीत बसून कॅलीला आलेला, पाठीवर बोचकं घेऊन दारोदार फाहा विकणारा पोरगा आज भर बाजारात स्वतःच्या दुकानात बसतो. हे कुठेतरी उतरायला हवं. फाहा म्हणजे पोट-कंबर आवळणारा आतला कपडा. तो चढवला की पोट आत, छाती वर आणि बाई पाच वर्षांनी तरुण. हुकांच्या तीन रांगा असतात. पहिल्या रांगेवर अडकलेल्या बाईला तिसरीपर्यंत नेणं, ही माझी कला.

१२ ऑगस्टला दुकानाला वीस वर्षं. संकल्प: नवा बोर्ड, त्यावर बायकोचा, देयानिराचा नवा फोटो. मेडेयिनच्या फाहा कंपनीचे आर्तुरोसाहेब येणार, त्यांच्याकडून अख्ख्या शहराची एजन्सी. शिवाय तळलेलं बंद.

देयानिरा उद्या बहिणीकडून परत येते. तीन आठवडे समुद्राची हवा खाल्लीय, फोटोत खुलून दिसेल.

४ जुलै
देयानिरा आली. केस नाहीत.

म्हणजे आहेत. बोटभर. बारीक कुरळे, डोक्याला घट्ट. चौदा वर्षं दर शनिवारी पार्लरमध्ये बसून सरळ केलेले केस तिने बहिणीच्या अंगणात कात्रीने कापून टाकले. आता डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालणार म्हणे. वर सांगते, तिची आजी अशीच होती, काळी, रुंद, डोक्याला फडकं. ती आली की नदीवरचे लोक बाजूला सरून वाट द्यायचे. आपण तिच्यासारख्या दिसतो, हे तिला चाळिशीत कळलं.

माझीही आजी तशीच होती. म्हणूनच तर मी कॅलीला आलो.

उकाड्याचा परिणाम आहे. आठवड्यात उतरेल. तोवर विग आणलाय.

९ जुलै, रविवार
विग दुकानातल्या पुतळ्याला घातला. पुतळा आभारी आहे.

चर्चला देयानिरा पिवळ्या ड्रेसमध्ये. पिवळ्या! तिच्या अंगाच्या बाईने काळा घालावा, फार तर गडद निळा, हे मी ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर उभा राहून वीस वर्षं सांगतोय. दंड उघडे. डोक्याला फुलाफुलांचं फडकं. आत फाहा नाही. मला चालीवरून कळतं. मागच्या बाकावर दोघी कुजबुजल्या. माझे कान तिखट आहेत. एक म्हणाली, हे कापड हिने कुठून आणलं असेल गं. दुसरी म्हणाली, विचारू या बाहेर पडताना.

किती बोचरे टोमणे मारतात लोक. देयानिराला सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेईल.

१४ जुलै
फोटोला नाही म्हणाली. फाहा घालून तर नाहीच. हरकत नाही, धंदेवाल्या माणसाकडे दुसरा रस्ता असतो. जुना फोटो घेऊन बोर्डवाल्या ओस्कारकडे गेलो. म्हटलं, कंबर थोडी आत घे. केस पूर्वीचेच राहू देत, सरळ. चेहरा दोन छटा उजळ कर, कारण बोर्ड उन्हात काळा पडतो.

ओस्कार म्हणाला, दादा, मग वहिनी राहतील का त्यात? मी म्हटलं, डोळे तिचेच ठेव.

बोर्ड बघून खूश होईल. बायकांना आश्चर्याचा धक्का आवडतो.

२२ जुलै, शनिवार. दुपारी.
घात झाला.

पास्तोरा शिंपीण. हिच्याकडे देयानिरा ड्रेस शिवायला गेली आणि हिने तिचं माप घेतलं. चिठ्ठीवर लिहूनही दिलं. कंबर एकशे सव्वीस सेंटीमीटर. मी चौदा वर्षं एकशे दहा सांगत आलोय.

म्हटलं, पास्तोराची टेप जुनी आहे, आकसली असेल. देयानिराने कपाटातले सगळे फाहा पलंगावर ओतले आणि एकेकाचं लेबल बघत बसली. कंपनीचा दोरा राखाडी, माझा पांढरा. कधी लक्षात आलं नव्हतं.

आता, हे मी सगळ्यांसाठी करतो. टेप मोठ्याने वाचताना चार कमी सांगायचे, एक माप लहान द्यायचं, बाई हसत घरी जाते. यात खोटं काय? बायकोसाठी थोडं जास्त केलं, कारण प्रेम जास्त. दोन मापं लहान फाहा द्यायचा, वर त्याचं लेबल काढून आणखी लहान मापाचं शिवायचं, तेही ती झोपल्यावर, हळू हाताने. कोण नवरा करतो एवढं?

ती म्हणाली, "आपल्या लुसिया भाचीच्या लग्नात मी नाचता नाचता पडले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. मी घाबरून रडत होते. तू शेजारी बसला होतास, एवेलिओ. तुला माहीत होतं, फाहा लहान आहे."

मी म्हटलं, त्या दिवशी उकाडाही होता.

चौदा वर्षांच्या नवऱ्यापेक्षा पास्तोराच्या टेपवर जास्त विश्वास. लागलं मनाला.

२९ जुलै
देयानिरा दुकानात येत नाही. सकाळी पास्तोराकडे जाते, मशीनवर बसते. जाड बायकांचे ड्रेस शिवतात दोघी. भडक कापडं, समुद्रकाठच्या बायका घालतात तसली. दोन महिन्यांत बंद पडेल. गिऱ्हाईक मी ओळखतो.

आज माझी तीन गिऱ्हाइकं तिकडे गेलेली पाहिली. बहुधा गंमत बघायला.

जेवताना देयानिरा म्हणाली, तूही तुझा फाहा काढ आणि एकदा पोटभर श्वास घे. मी सांगितलं, माझा पाठीसाठी आहे, डॉक्टरांनी दिलाय. कुठल्या डॉक्टरांनी, म्हणाली. मी भात वाढून घेतला. तळलेलं केळंही, चर्चेला जोर यावा म्हणून.

५ ऑगस्ट
समेट! मला माहीतच होतं. शांत राहणाऱ्याचा विजय होतो.

स्वतःहून येऊन बसली. म्हणाली, "बारा तारखेला येते मी. अशीच येते, जशी आहे तशी. लेबलांचं विसरायला बघेन. तू एकच कर. त्या साहेबासमोर माझ्याकडे हात करून म्हण, ही माझी बायको. एवढंच."

एवढंच! मी तर भाषण लिहिलंय. चार परिच्छेद. पहिला नदी, दुसरा बोचकं, तिसरा पूर्ण देयानिरा, चौथा एजन्सी. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्या परिच्छेदाला मी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

११ ऑगस्ट
बोर्ड चढला. दहा फूट. ओस्कारने काम चोख केलंय. खालून बघताना मलाही क्षणभर वाटलं, या बाईंना आपण कुठेतरी पाहिलंय.

१२ ऑगस्ट. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितोय. करायला दुसरं काही नाही.
क्रमाने लिहितो.

देयानिरा चारला आली. पिवळा ड्रेस, निळं फडकं, कानांत सोन्याची मोठी वर्तुळं. हातात तिने स्वतः केलेल्या नारळाच्या वड्यांचं ताट. बोर्डाखाली उभी राहिली. वर बघितलं. बराच वेळ. म्हणाली, ही कोण? मी म्हटलं, तूच. डोळे बघ, तुझेच ठेवलेत.

तरी आत आली. हे तिच्या बाजूने लिहायला हवं. बोर्ड बघूनही आत आली, आणि माझ्यापासून चार पावलांवर उभी राहिली. वाट बघत.

दुकान भरलेलं. आर्तुरोसाहेब गाडीतून उतरले, बोर्ड बघून थबकले. म्हणाले, वा, काय रुबाबदार बाई. तुमच्या मिसेस ना? कुठे आहेत?

भाषण तोंडपाठ होतं. तिसरा परिच्छेद जिभेवर होता. हातसुद्धा उचलला होता. साहेब दारातून एकदा बोर्डाकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. आणि मी म्हणालो, "तिला बरं नाहीये, साहेब. घरी आहे."

ऐकलं तिने. सगळ्यांनीच ऐकलं, माझा आवाज खणखणीत आहे.

साहेब सभ्य माणूस. वडी घेताना तिला विचारलं, आपण गिऱ्हाईक का यांच्या?

"होते," देयानिरा म्हणाली. "चौदा वर्षं."

ताट काउंटरवर ठेवलं, सरळ केलं आणि गेली. वाटेतले लोक बाजूला झाले.

१३ ऑगस्ट, रविवार
शांतपणे विचार केला तर माझी चूक फार नाही. प्रसंग व्यवहाराचा होता. एजन्सी मिळाली की सगळ्यांसमोर ओळख करून देणारच होतो. आणि मी कधी नाव घेऊन नाकारलं? कुणी तिच्याकडे बोट दाखवून विचारलंच नाही.

ती पास्तोराच्या माडीवर राहायला गेलीय. कपडे नेले, आजीचा फोटो नेला. फाहा सगळे ठेवून गेली, घड्या घालून. ज्याच्यासाठी माणूस एवढं करतो, तेच असं सोडून जातं.

१९ ऑगस्ट
साहेबांचा फोन. एजन्सी देतो म्हणाले! एकच अट आहे. बोर्डावरच्या बाईंना घेऊन मेडेयिनला या, कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो हवाय.

पास्तोराकडे गेलो. म्हटलं, देयानिरा, दोनच दिवसांचं काम आहे. तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "त्या बाईंना विचार. माझी त्यांची ओळख नाही."

साहेबांना कळवलं, तब्येतीचं अजून तसंच आहे.

२६ ऑगस्ट, शनिवार
दुपारी एक जाडजूड बाई दुकानात आली. मी टेप काढली. म्हणाली, मला फाहा नको. बारा तारखेला इथे वड्या वाटत होत्या ना, पिवळ्या ड्रेसमधल्या काळ्या, देखण्या बाई? त्या कुठे राहतात? मला अगदी तसाच ड्रेस शिवायचाय.

मी ताठ उभा राहिलो. हात करून पास्तोराच्या माडीकडे दाखवलं आणि भर दुकानात मोठ्याने म्हणालो, "ती माझी बायको."

बाई दोन पावलं मागे सरकली. बाहेर डोकावून बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, लाज वाटू द्या जरा. घरची बिचारी अंथरुणाला खिळलेली, आणि तुम्ही परक्या बाईला बायको म्हणता?

मग दारातून वळून, जरा मऊ आवाजात तिने विचारलं, बोर्डावरच्या बाईंना आता कसं आहे.

मी म्हटलं, सुधारतेय.