केओआजीची टोपली

मेडशी, ६ जानेवारी २०२५

चि. धम्मदीपा हिला बाबांचा मनापासून जय भीम.

वि. वि. तुझी खुशाली पुण्याहून कळली. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरतो, म्हणून पत्रच बरं. तू मोठ्या अक्षरात छापून पाठवतेस, त्यामुळे माझ्या मोतीबिंदूचीही तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या पावसाळ्यात तू लाओसहून आणलेली बांबूची टोपली विमलआत्याला फडताळात सापडली. तिथल्या केओआजीनं तुला डेंग्यूच्या तापात आपल्या घरी ठेवून घेतलं, निघताना या टोपलीत वाटेसाठी भात दिला, हे तुझ्या लेखात इथं सगळ्यांनी वाचलंय. आत्या म्हणते, भांडं परत नाही देल्लं का? मी सांगितलं, ती भेट होती. त्यावर ती म्हणाली की भात भेट देल्ला असन, टोपली कायले देईन? दुसऱ्याचं भांडं कोणी ठेवून घेते का, अन् परत द्याचं तं रिकामं कसं द्याचं! घाटात एसटी मागे घेणं मला जमलं, पण विमलला मागे घेणं जन्मात जमलं नाही. तिनं टोपलीभर मुगवड्या घालून ठेवल्यात.

परक्या चुलींपाशी जेवल्याचं जे पुस्तक तू लिहिते आहेस, त्याचं शेवटचं प्रकरणही त्याच घरापाशी अडलंय म्हणतेस. मग जाऊन ये. फक्त एक कर. वाशिमला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन वीस फेब्रुवारीला ठरलंय. पट्टी निघेल तेव्हा समोर तू हवीस. तुझी आई गेल्यापासून तुझ्याकडे मी दुसरं काही मागितलं नाही. आत्या म्हणते हे साफ खोटं आहे, सुपारीचा अडकित्ता मागितला होता.

बाकी क्षेम. माया आहेच, तिला पत्रांचं पाणी घालत जा.

तुझा बाबा,
पंजाबराव

बान हॉय, लाओस, ८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि ती. आत्या यांना सविनय जय भीम.

वि. वि. पत्राचा फोटो मालेगावच्या झेरॉक्सवाल्या पौर्णिमाताईला पाठवते आहे, ती मोठा करून छापून देईल.

टोपली पोचली. केओआजीनं झाकण उघडून मुगवडी हुंगली आणि मी थांबवायच्या आत कच्चीच चावली. आत्या, तोंड वाकडं केलं, पण टाकली नाही! शेजारच्या शाळेतल्या बाईंना थोडी इंग्रजी येते. त्यांच्याकरवी मी आपली रीत सांगितली. आजी हसून म्हणाली की टोपली तर मी देऊनच टाकली होती, पण पोरीला परत घेऊन येणारी रीत चांगली आहे.

हे सगळं तिनं पडल्या पडल्या केलं. ती नदीच्या उतारावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून आणलंय, पण कुशीवर वळायलाही माणूस लागतो. शेजारणी आळीपाळीनं येतात. लेक राजधानीत आहे, तान्हं मूल घेऊन महिनाभर तरी येता येणार नाही.

बाबा, त्या मुलाचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. शाळेच्या बाईंकडून कळलं की गेल्या वर्षी आजी लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला निघाली होती. बोचकं बांधून झालं होतं, आणि मी तापानं फणफणत दारात आले. ती गेलीच नाही. नातवाचा जन्म तिनं माझ्यापायी चुकवला आणि मला शब्दानं सांगितलं नाही. आज विचारलं तर म्हणाली, नातू काय, मागाहूनही भेटणारच होता.

माझं सतराचं तिकीट आहे. तुम्ही एकच गोष्ट मागितलीत, तेव्हा मी येणारच. पण तुम्हाला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

कळावे. लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची दीपा

मेडशी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपाला खूप खूप आशीर्वाद आणि जय भीम.

वि. वि. पौर्णिमानं पत्र आणलं आणि तिनंच वाचून दाखवलं. आत्या म्हणाली की तिकडं बाई पडून राह्यली अन् आपण इकडं कायची वाट पाहून राह्यलो? उठून थेट विहारात गेली. संध्याकाळी भंतेजींनी केओआजी लवकर बरी व्हावी म्हणून तिच्या नावानं परित्राण पाठ केला. नाव कोणाला धड घेता येईना, पण मेडशीतल्या साऱ्या बायांनी ते घेतलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईल. सोबत आत्या येते आहे. डॉक्टरला काय काय विचारायचं ते तिनं पाठ केलंय, मला काळजी डॉक्टरची वाटते.

पट्टी निघताना तू समोर असावीस असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पोरी, त्या बाईलाही तिच्या लेकीनं असंच बोलावलं असेल. तीही कबूल झाली असेल. ती बोचकं उचलून निघाली असती, तर आज मी कोणाला पत्र लिहिलं असतं? हे मनात आलं आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही. तिला एवढं सांग की मेडशीत एक माणूस रोज तुझं नाव घेतो.

तिकीट बदल. आजी आपल्या पायांनी चुलीपाशी जाईपर्यंत तिथून हलायचं नाही. त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही, नवीन डोळ्यानं खिडकीतून बघेन आणि परत पाठवीन.

तुझाच,
बाबा