फोनच्या कडेचं बटण

मंगळवार, संध्याकाळ

आज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पुन्हा तोच, अँड्रॉइडऐवजी लिनक्सवर चालणारा फोन बघत बसले. त्याच्या कडेला एक छोटं बटण आहे. सरकवलं की लोकेशन बंद, खरोखरचं बंद. पण बँकेचं ॲप त्यावर चालत नाही, आणि ओझरच्या कारखान्यात आमची हजेरीही ॲपवरच लागते. मग रोज वापरणार कसा? तरी ते बटण डोक्यातून जात नाही.

काल सुटल्यावर मैत्रिणीकडे, नीताकडे चहाला गेले, तर लगेच मिलिंदचा फोन. माझं लोकेशन त्याला त्याच्या फोनवर दिसतं. “अगं, म्हसरूळला काय करतेस? काळजी वाटली म्हणून विचारलं.” नवरा ओरडत नाही, संशय घेत नाही. तक्रार तरी काय करायची? मला फक्त तासभर कुठेच नसायचंय. फार मागतेय का मी?

घ्यायचाच, असं ठरवून घरी आले. मेथी निवडत होते, तर मिलिंद हसत म्हणाला, “मला सारख्या त्या बटणवाल्या फोनच्या जाहिराती येतायत. तू बघत होतीस का?”

दोघांच्या फोनवर त्याचंच अकाउंट आहे, हे विसरलेच होते.

“सहज बघितला,” म्हणाले.

“आवडलाय ना? मग मीच मागवतो. सगळं सेट करूनच देतो तुला.”