अब्बांचं शिलाई मशीन

शहाबाज,

अब्बांना आता कमी दिसतं म्हणून तू बंगळूरला बसून त्यांचं शिलाई मशीन विकायची ऑनलाइन जाहिरात टाकलीस आणि नंबर मात्र माझा दिलास. आठवडाभर माझा फोन थांबलेला नाही. लोक 'लास्ट प्राइस काय?' विचारतात आणि येतच नाहीत. जे चौघे खडकीला घरापर्यंत आले, त्यांना अब्बांनी चहा पाजला आणि सांगितलं, "मशीन चांगलं आहे, फक्त धागा तोडतं." चौघेही चहा पिऊन परत गेले.

काल वैतागून मी कारागीर बोलावला. त्यानं उशीचा अभ्रा शिवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, यात काहीच बिघाड नाही."

मी अब्बांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हातांना अजून काम कळतं गं. ते गेलं तर मी दिवसभर करू काय?"

मला भयंकर राग आला, पण तो कुणावर काढावा कळेना. विकायचं का, हे तू त्यांना विचारलं नव्हतंस. मीही नव्हतं विचारलं.

जाहिरात मी काढून टाकली आहे. हे पत्र काही पाठवणार नाही. तुला एवढाच मेसेज करीन, की गिऱ्हाईक मिळत नाही.

तुझी वैतागलेली आपा,
रझिया