सातवा फर्मा

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा दुमडत नाही, तेव्हा एक अंग वजा करून सात अंगांनी स्वीकारावा. खोटं लिहायची मला सवय नाही. निदान नव्हती.) पत्र वहिनी वाचून दाखवतील हे धरून अक्षर मोकळं काढलं आहे. वहिनी, कंसातला मजकूर तेवढा मनात वाचावा. दादांचा खोकला कसा आहे? तुमची भावजय मला रोज विचारते, जसा काही तो खोकला मी खिशात घालून फिरतो.

तुम्ही आपला बांधणीखाना सोडून गेलात त्याला आज चार महिने अकरा दिवस झाले. परत बोलावण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तुमच्या जागी माणूस नेमताना काय काय झालं ते फक्त कानावर घालायचं आहे. खिडकीजवळच्या त्या टेबलाशी तुम्ही एकोणीस वर्षं पुस्तकं शिवलीत, तेवढा हक्क तुम्हाला आहे.

मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. (वहिनी, हा कंस नाही असं समजून मोठ्याने वाचावं.) जुनी पुस्तकं उसवायची आणि पुन्हा शिवायची, अशी माझी शाळा. म्हणूनच मला सूतभर फरक खपत नाही. आणि म्हणूनच आपलं रोज भांडण व्हायचं. मी पोलादी पट्टी लावून सांगायचो की कडा अर्ध्या सुताने बाहेर आहे. तुम्ही अंगठ्याचं नख फिरवून म्हणायचात, पट्टी बदल. एकदा खरोखर पट्टीच झिजलेली निघाली. (पुढची तीन वर्षं ते ऐकलं.) वीज गेली की आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसायचो आणि तुमची सुई मात्र चालूच. अंधारातून तुमचा आवाज यायचा, "डोळे आहेत म्हणून एवढा आळस?" चिकटवायच्या खळीचा वास, तीनचा चहा, पुस्तक टेबलावर आपटून शिवण घट्ट आहे का ते आवाजावरून ओळखणं... आता टेबल तसंच आहे, पण आपटत कुणी नाही.

सगळे म्हणतात चूक माझी. ती झाली कशी, हे कोणी विचारत नाही. ते अपंग कर्मचाऱ्यांविषयीचं माहितीपत्रक एका कार्यालयाने आपल्याकडे बांधायला दिलं होतं. एक प्रत मी ठेवून घेतली आणि मनापासून वाचली. मजकूर एकदम तिसऱ्या पानापासून सुरू होत होता. मला वाटलं, प्रस्तावना टाळलेली दिसते, शहाणा माणूस आहे. मग रविवारी एकट्याने टेप घेऊन टेबलं प्रत्येकी साडेचार इंच सरकवली, कोपऱ्यांना कापड गुंडाळलं, दारापासून नळापर्यंत दोरी बांधली. सोमवारी तुमचा हात कोपरापर्यंत खळीच्या बादलीत गेला, कारण बादलीही मी सुरक्षित जागी हलवली होती. तुम्ही हात धुऊन कामाला बसलात, मला वाटलं आवडलं. मग मी सगळ्यांना ताकीद दिली की दादांशी अदबीने वागायचं. कागद कापणारा आपला कटिंगवाला अकरा वर्षं तुम्हाला सकाळी म्हणायचा, "दादा, समोर बघून चाला," आणि तुम्ही म्हणायचात, "तू बघ, मी चालतो." त्याने ते बंद केलं आणि बिचारा दिवसभर अपचन झाल्यासारखा फिरू लागला. सहाव्या पानावर होतं, कामाचं कौतुक करा. म्हणून मी तुमच्या प्रत्येक पुस्तकाला 'वा, छान' म्हणायला लागलो. पट्टी खणात ठेवली.

आणि मग ते पुस्तक. सोळा पानांचा एक, असे बारा फर्मे, त्यातला सातवा तुम्ही उलटा शिवलात. मला तो दोन हातांवरून दिसला. मी पाहिलं आणि म्हणालो, "वा दादा, सुंदर." तुम्ही भोकं पाडायची आपली आरी आणि काठी घेऊन उठलात. "सातवा उलटा आहे. मुद्दाम लावला होता. एकोणीस वर्षं मी कामगार होतो रे, आता तुझ्याकडे पाहुणा झालोय," एवढं म्हणून गेलात. दोरीला हातही लावला नाहीत.

नेमणुकीचं सांगायचं राहिलं. जाहिरात दिली. एक बाई आल्या, ऐकू येत नाही, समोरच्याच्या ओठांवरून समजतं. मी इतक्या हळू आणि तोंड वासून बोललो की त्यांनी वहीत लिहून दिलं, "दात दुखतात का?" मग मी त्यांना किती सांभाळून घेऊ वगैरे सांगायला लागलो, तर लिहिलं, "माझ्याबद्दल मला माहीत आहे. काम काय ते सांगा." तुमच्याच घरच्या शोभल्या असत्या. मग त्यांनी विचारलं, आधीचे का गेले? मी अडीच पानं लिहून दिली. (मुद्देसूद. समास सोडून.) त्यांनी पेन्सिलीने सगळं खोडलं आणि एकच ओळ ठेवली, 'मी वा सुंदर म्हणालो.' ते माहितीपत्रकही मागून घेतलं, उजेडात धरलं आणि वाफेवर धरून मुखपृष्ठाला चिकटलेलं पहिलं पान सोडवलं. चिकटलं होतं आपल्याच खळीने. त्यावर एकच वाक्य होतं, ठळक अक्षरात: कोणताही बदल करण्याआधी त्या व्यक्तीला विचारा.

बाई कामाला लागल्या आहेत, पण फर्मे जुळवायच्या टेबलावर. तुमचं टेबल दाखवलं तर त्यांनी लिहिलं, "ही जागा रिकामी नाही. माणूस रुसलाय." त्यांना टेबल किती उंच हवं ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी तेवढं केलं. तीन मिनिटांचं काम. बाकी टेबलं साडेचार इंच मागे घेतली आहेत, दोरीवर आता फडकी वाळतात. मी खुशाल आहे. उत्तराची घाई नाही.

तुमचा धाकटा भाऊ

ता. क. वहिनी, आता कंसही मोठ्याने वाचा. (तुम्ही आधीच वाचले असणार, मला माहीत आहे.)

ता. क. दोन. मी कुणाकडून शिकलो नाही हे वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. सुरुवातीला माझी शिवण प्रत्येक पुस्तकात शेवटी सुटायची. अखेरची गाठ तुम्ही माझी बोटं धरून शिकवलीत. अजून तीच मारतो. हे मी कटिंगवाल्यासमोर सांगितलं आहे. तो म्हणाला, आम्हाला माहीत होतं.

ता. क. तीन. ते पुस्तक सोबत पाठवतोय, उसवलेलं नाही. पट्टी खणातून काढून नीट तपासलं आहे. सातवा फर्मा उलटा. ते मुद्दाम होतं, मान्य. पण दादा, नवव्या फर्म्याचा तिसरा टाका सैल आहे. बोट फिरवून बघा. तो मुद्दाम नव्हता. असलं काम माझ्या बांधणीखान्यातून गिऱ्हाइकाकडे जात नाही. सोमवारी आठ वाजता पुस्तक घेऊन या आणि तुमचा टाका तुम्ही नीट करा.